डी-डायमर किती आला?

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, सुरतेत आजारी माणसाची चौकशी करायची रीतच बदलून गेली होती. जेवण जातंय का, झोप लागली का, हे विचारायचं सोडून लोक विचारत, ‘सीआरपी किती? डी-डायमर किती आला? सीटीचा स्कोअर पंचवीसपैकी किती?’ लिंबायतच्या टेम्पोवाल्यापासून पांडेसऱ्याच्या प्रिंटिंग मिलमधल्या कारागिरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे शब्द बसले होते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून नातेवाइकांचे फोन यायचे तेही याच प्रश्नांनी सुरू व्हायचे. ‘ताई, आबांचा रिपोर्ट कसा शे?’ मी आकडे सांगायची. पलीकडे कोणीतरी ते कागदावर उतरवून घ्यायचं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. उधना भागात माझी छोटी लॅब आहे आणि तिथे येणारी बरीच माणसं माझ्यासारखीच तापी काठाने, भुसावळच्या गाडीने इकडे आलेली. त्या दिवसांत माझं मत अगदी ठाम होतं. श्वास लागायच्या दोन-तीन दिवस आधीच रक्त बोलतं. तेव्हा ज्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच्या सगळ्या तपासण्या ताबडतोब करून घ्याव्यात, घरी बरा वाटणारा असला तरी. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच, सीबीसी. कोण सुखरूप बाहेर पडेल आणि कोण बुडेल हे या पाच नावांतून कळतं, असं मी डॉक्टरांनाही सांगत असे आणि घरच्यांनाही. आज मी तसं सांगत नाही. हे मत एका दिवसात बदललं नाही, आणि सगळंच्या सगळं बदललंही नाही. म्हणून सविस्तर लिहावंसं वाटतं.

त्या मताला आधार होता, हे आधी सांगायला हवं. आमच्या शहराला पावसाळ्यात आकड्यांवर जगायची सवय आहे. डेंग्यूचा हंगाम आला की घरोघरी प्लेटलेट मोजल्या जातात. सकाळी ९०,००० आणि संध्याकाळी ८२,००० झाल्या की माणूस खुर्चीत बसून चहा पीत असला तरी घरचे दवाखान्याकडे धावतात. शिवाय या शहराला साथीची धास्तीही जुनी आहे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने लाखो माणसं सुरत सोडून गेली होती. २०२० च्या मार्चमध्ये गुजरातमधला कोविडचा पहिला मृत्यू सुरतेतच झाला, एप्रिलमध्ये मान दरवाजाच्या टेनामेंटसारख्या वस्त्या बंद कराव्या लागल्या, आणि हिऱ्याचे कारखाने पुन्हा सुरू झाल्यावर जून-जुलैत कतारगाम-वराछाकडे रुग्ण झपाट्याने वाढले. अशा वेळी कोणाला बेड द्यायचा आणि कोणाला घरी पाठवायचं, हे सांगणारं काहीतरी हातात असावं, ही सगळ्यांचीच गरज होती. माझीही होती.

विज्ञानही तसंच बोलत होतं. मार्च २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वुहानच्या १९१ रुग्णांचा अभ्यास आला. दाखल होताना ज्यांचा डी-डायमर १ मायक्रोग्रॅमच्या वर होता, त्यांच्यात मृत्यू जास्त. लिम्फोसाइट घटलेले, एलडीएच चढलेलं, फेरिटिन चढलेलं, सगळं एकाच दिशेने जात होतं. आणि यामागचं कारणही समजण्यासारखं होतं. विषाणूने फुफ्फुसात जाळ लावला की पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप रक्तात सोडतात, तो यकृताला पोचला की यकृत सीआरपी तयार करायला लागतं. हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ओळखलं होतं, म्हणजे माझ्या धंद्यातली ही तशी जुनी, भरवशाची गोष्ट. डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना उरलेला तुकडा. फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात म्हटल्यावर तो चढणारच. एलडीएच म्हणजे पेशी फुटल्याची खूण. हे सगळं मी आजही खरंच मानते.

पहिला धक्का बसला तोही वुहानच्याच एका शोधनिबंधाने. मे २०२० मध्ये नेचर समूहाच्या एका नियतकालिकात तिथल्या ४८५ रुग्णांच्या नोंदींवरून तयार केलेला एक सोपा नियम छापून आला. एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी, फक्त तीन आकडे. त्यावरून मृत्यू दहा दिवस आधी नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकपणे सांगता येतो, असा दावा. मी तो निबंध डाउनलोड करून ठेवला होता. तिन्ही तपासण्या माझ्याकडे होत होत्या, साध्या मशीनवर, परवडणाऱ्या दरात. याहून आणखी काय हवं?

पुढे न्यूयॉर्कच्या आणि नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी तोच नियम आपापल्या रुग्णांना लावून पाहिला आणि तो ढासळला. का, हे वाचताना मी दोनदा थांबले. मूळ नियम बसवताना प्रत्येक रुग्णाचं शेवटचं रक्त धरलं होतं. म्हणजे घरी जायच्या आधीचं किंवा मृत्यूच्या आधीचं. जो शेवटच्या घटका मोजतोय त्याचं रक्त बिघडलेलंच असणार. ते ओळखायला नियम कशाला हवा? दाखल होतानाच्या रक्तावर, जिथे खरा निर्णय घ्यायचा असतो तिथे, तो नियम कमजोर निघाला. त्याच सुमारास ‘बीएमजे’मध्ये कोविडचं भाकीत करणाऱ्या २३२ मॉडेलांची छाननी आली, पुढे तपासून पाहावीत अशी त्यांतली फक्त दोन निघाली. बाकीच्यांत रुग्णांची निवड, गाळलेल्या नोंदी, मोजमापाची वेळ, असे दोष.

तरीही वाचलेलं वेगळं आणि पटलेलं वेगळं. २०२१ च्या लाटेपर्यंत मी जुनंच बोलत होते. मत खऱ्या अर्थाने हललं ते माझ्याच टेबलावर.

त्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी गोडादऱ्याच्या एका मुलाने मला दोन रिपोर्ट पाठवले. त्याच्या वडिलांचे. शनिवारी एका लॅबमध्ये डी-डायमर ०.४८, सोमवारी दुसऱ्या लॅबमध्ये ९६०. मुलगा फोनवर रडत होता. दोन दिवसांत आकडा ०.४८ वरून ९६० वर गेला म्हणजे बाबा संपले, असं त्याने धरलं होतं. दोन्ही रिपोर्ट मी शेजारी ठेवून पाहिले. डी-डायमरचा आकडा दोन मापांत देतात. एक एफईयू, म्हणजे फायब्रिनोजेनच्या वजनाच्या हिशेबाने. दुसरं डीडीयू, म्हणजे त्या तुकड्याच्याच वजनाने. पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. त्यात एका लॅबने मायक्रोग्रॅम लिहिलं होतं, दुसरीने नॅनोग्रॅम. ०.४८ मायक्रोग्रॅम डीडीयू म्हणजे ४८० नॅनोग्रॅम डीडीयू, म्हणजेच ९६० नॅनोग्रॅम एफईयू. वडिलांचं रक्त दोन दिवसांत तसूभरही बदललं नव्हतं. दोन्ही लॅबनी काम बरोबर केलं होतं, एकक छापलंही होतं, रेंजही छापली होती. पण लोक आकडा वाचतात, एकक कोणी वाचत नाही. सीआरपीचंही तेच. मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, फरक दहापट.

त्यानंतर मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नळीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. डी-डायमरसाठी निळ्या टोपीची ट्यूब लागते. तिच्यात सायट्रेटचा एक भाग आणि रक्ताचे नऊ भाग असं प्रमाण हवं. पीपीई घातलेल्या, घामाने निथळणाऱ्या मुलाने घाईत अर्धीच ट्यूब भरली की आकड्याचा भरवसा गेला. एलडीएचचं तर विचारूच नका. बारीक सुईने ओढून काढलेलं रक्त, ऊन चाळीस अंशांच्या आसपास, बाइकच्या डिकीत तासभर हादरे खाणारी ट्यूब. सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढली की सीरम पिवळसर दिसायच्या ऐवजी गुलाबी. तांबड्या पेशी फुटलेल्या. त्या पेशींतलं एलडीएच सीरममध्ये उतरतं आणि रिपोर्टवर आकडा चढतो, फुफ्फुसाचा त्यात काही संबंध नसतो. नियम असा की असं सॅम्पल परत मागवायचं. त्या गर्दीत शहरातलं प्रत्येक गुलाबी सॅम्पल परत मागवलं गेलं असेल, असं मला वाटत नाही.

पण ही झाली मोजण्याची अडचण. काळजी घेतली तर ती सुटते. माझं मत ज्यांनी बदललं ती दोन माणसं वेगळी.

एक पांडेसऱ्याच्या मिलमधला कामगार, चाळिशीतला, अंगाने काटक. तापाच्या तिसऱ्या दिवशी त्याने सगळ्या तपासण्या केल्या. सीआरपी ६, डी-डायमर मर्यादेत, लिम्फोसाइट ठीक. ‘काही नाही भाऊ, रिपोर्ट नॉर्मल आहे,’ असं त्याला सांगितलं गेलं आणि घरचे निश्चिंत झाले. इतके, की पुढचे चार-पाच दिवस कोणी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला नाही. आठव्या दिवशी जिना चढताना तो मध्येच खाली बसला. दवाखान्यात पोचला तेव्हा ऑक्सिजन ८४. तिसऱ्या दिवशीच्या रक्ताने खोटं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आतमध्ये खरंच फारसं काही नव्हतं. या आजारात बिघाड बहुधा दुसऱ्या आठवड्यात होतो आणि रक्त त्या दिवसापुरतं बोलतं. आम्ही त्याच्याकडून पुढच्या आठवड्याची ग्वाही मागितली होती. तो माणूस वाचला, बऱ्याच दिवसांनी घरी गेला. पण एक नॉर्मल रिपोर्ट माणसाची नजर आजाऱ्यावरून काढून घेतो, हे मी तेव्हा पाहिलं.

दुसऱ्या एक वहिनी, पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या. दोन दिवसांचा ताप, अंगदुखी, ऑक्सिजन ९८. कोणी सांगितलं नसताना त्यांच्या दिराने सगळं पॅकेज करून घेतलं. फेरिटिन चढलेलं, डी-डायमर चढलेला. फेरिटिन मधुमेहात आणि यकृतावर चरबी असली तरी चढतं. डी-डायमर वयानेही वाढतो, म्हणून पन्नाशीनंतर त्याची मर्यादाच वर सरकवून धरण्याची पद्धत आहे. हे कोण सांगणार? आकडे लाल रंगात छापलेले, घरच्यांच्या छातीत धडकी. त्याच रात्री सीटी, आणि दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांची साखर चारशेच्या घरात गेली. फुफ्फुसाला शेवटपर्यंत फारसं काही झालं नाही. जे काही सोसलं ते साखरेने.

स्टेरॉइडचं तर मला फार खोलवर लागलं, कारण इथे आमच्या आकड्यांनी एक चक्र तयार केलं होतं. डेक्सामेथासोन दिलं की रक्तातले लिम्फोसाइट कमी होतात आणि न्यूट्रोफिल वाढतात. हा औषधाचाच परिणाम. आता पाहा: लिम्फोसाइट थोडे कमी दिसले म्हणून दुसऱ्याच दिवशी स्टेरॉइड सुरू, तिसऱ्या दिवशी पुन्हा सीबीसी, स्टेरॉइडमुळे लिम्फोसाइट आणखी घटलेले, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचं गुणोत्तर तीनवरून आठवर, म्हणजे आजार बळावला, म्हणजे स्टेरॉइड वाढवा. दुसरीकडे तेच स्टेरॉइड सीआरपी खाली आणतं, त्यामुळे तो आकडा पाहून बरं वाटतं. एकाच औषधाने एक आकडा वर, दुसरा खाली, आणि आजार कुठे आहे ते दोन्हींतून कळत नाही. टोसिलिझुमॅब हे औषध दिल्यावर तर इंटरल्युकिन-६ चा निरोप यकृतापर्यंत पोचतच नाही. सीआरपी पडणारच, रुग्ण सुधारो वा न सुधारो. औषध सुरू झाल्यावर या खुणांचा अर्थ बदलतो, हे रिपोर्टच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि स्टेरॉइड कोणाला द्यावं, याचं उत्तर त्याआधीच मिळालेलं होतं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्येच सांगितलं होतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत डेक्सामेथासोनने २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आणले; ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. त्यांच्यात औषध घेतलेल्यांचे मृत्यू १७.८ टक्के, न घेतलेल्यांचे १४. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा नव्हता हे नक्की. या सगळ्यात रुग्णांची विभागणी कशावर होती? ऑक्सिजन लागतो की नाही, एवढ्यावर. फेरिटिनवर नाही, डी-डायमरवर नाही.

३ मे २०२१ ला एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी हेच पत्रकार परिषदेत, साऱ्या देशासमोर सांगितलं: सौम्य आजारात, ऑक्सिजन नीट असताना, सीटीही नको आणि या रक्ततपासण्याही नकोत, त्यातून घबराट वाढते आणि लवकर दिलेलं स्टेरॉइड विषाणूला मोकळं रान देतं. खरं सांगते, त्या दिवशी मला ते आवडलं नव्हतं. दिल्लीत बसून बोलणं सोपं, इथे अश्विनीकुमार आणि जहांगीरपुऱ्याच्या स्मशानात गॅसभट्ट्या अखंड चालून त्यांचे लोखंडी भाग वितळल्याच्या बातम्या येत होत्या. अशा शहरात ‘तपासण्या करू नका’ म्हणायचं? पण त्याच महिन्यात इथल्या दवाखान्यांत म्युकरमायकोसिसचे रुग्ण येऊ लागले. डोळा सुजलेला, टाळूवर काळा डाग, नाकातून घेतलेल्या नमुन्यात रुंद, काटकोनात फुटलेले बुरशीचे धागे. मायक्रोस्कोपखाली ते धागे पाहणं हे माझंच काम. मधुमेह, स्टेरॉइड, पुष्कळ वेळा दोन्ही. प्रत्येकाला स्टेरॉइड गरज नसताना दिलं होतं असं मी म्हणणार नाही. अनेकांना ते लागतच होतं. पण वहिनींसारखी माणसं त्या रांगेत होती, आणि त्यांच्या हातात आमच्या कागदांची चळत होती.

मग मी एक साधं गणित मांडलं. आकडे मानलेले आहेत, हिशेब खरा. समजा घरी असलेले १००० सौम्य रुग्ण, त्यांपैकी ३० पुढे गंभीर होणार. तपासणी चांगली आहे असं धरू: गंभीर होणाऱ्या शंभरातले ८० ती ओळखते आणि बऱ्या होणाऱ्या शंभरातल्या ८० जणांना बरोबर ‘ठीक’ म्हणते. मग ३० पैकी २४ सापडतील. पण उरलेल्या ९७० पैकी १९४ जणांना ती उगाच ‘धोका’ म्हणेल. म्हणजे २१८ जणांना लाल आकडा, त्यांत खरोखर बिघडणारे २४. नऊ जणांत एकसुद्धा धड नाही. शिवाय सहा जण ‘नॉर्मल’चा कागद घेऊन घरी बसतील, तो मिलकामगार बसला होता तसे. आता हीच तपासणी दवाखान्यात, ऑक्सिजन लागलेल्या १०० जणांवर करा, ज्यांतले ४० गंभीर होणार आहेत. ३२ बरोबर सापडतील, १२ उगाच. लाल आकडा आलेल्या चौघांत तिघांचं भाकीत जवळपास खरं. ट्यूब तीच, मशीन तेच, रिएजंट तेच. बदललं ते एवढंच, की रक्त काढण्याआधी कोणीतरी त्या माणसाकडे पाहिलेलं होतं.

हे गणित आम्हाला एमडीला शिकवतात. मी पेपरात सोडवलंही होतं. स्वतःच्या लॅबच्या दारात उभ्या असलेल्या रांगेला ते लावून पाहायला मला साथ यावी लागली.

माझे एक फिजिशियन मित्र याबाबत माझ्याशी आजही वाद घालतात आणि त्यांचं म्हणणं मला मोडीत काढता येत नाही. ते म्हणतात, ‘त्या एप्रिलमध्ये मी दिवसभर फोनवरच रुग्ण पाहत होतो. बेड नव्हता, ऑक्सिजनचा सिलिंडर नव्हता, माणूस समोर नव्हता. ज्याचा सीआरपी ९० आला त्याला मी रोज दोनदा फोन करायचो, ज्याचा ५ आला त्याला एकदा. यात काय चुकलं?’ काहीच चुकलं नाही. त्यांनी आकड्यावरून औषध ठरवलं नाही, लक्ष कुठे द्यायचं ते ठरवलं. आणि ऑक्सिमीटर तरी कुठे निर्दोष आहे? सावळ्या त्वचेवर तो खऱ्याहून जास्त आकडा दाखवू शकतो, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० च्या डिसेंबरात दाखवून दिलंच. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आणखी घोळ. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने सहा मिनिटं चालून ऑक्सिजन पाहायला सांगितलं, ते मला या सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. खर्च शून्य, आणि आजार लपलेला असेल तर चालताना उघडा पडतो.

म्हणून माझं मत असं झालेलं नाही की हे आकडे निरुपयोगी आहेत. रिकव्हरीनेच २०२१ मध्ये टोसिलिझुमॅबचा फायदा दाखवला तो कोणात? ज्यांचा ऑक्सिजन कमी होता आणि ज्यांचा सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त होता त्यांच्यात. मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर. इथे सीआरपीचं काम नेमकं ठरलेलं होतं. ब्रिटनचा ४सी स्कोअर आठ गोष्टी विचारतो: वय, स्त्री की पुरुष, जुने आजार, श्वासाची गती, ऑक्सिजन, शुद्ध, आणि रक्तातल्या फक्त दोन, युरिया आणि सीआरपी. आठांतल्या सहा गोष्टी खाटेजवळ उभं राहून कळतात. डी-डायमरचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. दवाखान्यात दाखल, पण आयसीयूत नसलेल्या रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनच्या पूर्ण डोसचा फायदा होतो असं २०२१ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. तो फायदा डी-डायमर कमी असो की जास्त, दोन्हींत दिसला. आयसीयूतल्या रुग्णांना झालाच नाही. घरी असलेल्यांसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चाचणी अमेरिकेत अर्ध्यात थांबवावी लागली, कारण गुठळीच्या घटनाच फार थोड्या घडत होत्या. आणि आमच्याकडे डी-डायमर वाचून घरोघरी त्या गोळ्या सुरू होत्या.

भाकीत या शब्दाला खरोखर शोभेल असं काही मी वाचलं असेल तर ते वेगळंच आहे. २०२० च्या ऑक्टोबरात ‘सायन्स’मध्ये आलं. जिवावर बेतलेल्या कोविड न्यूमोनियाच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात इंटरफेरॉनविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराचा पहिला पहारा. या माणसांचं शरीरच तो पहारा उठवत होतं. सौम्य किंवा लक्षणं नसलेल्या ६६३ जणांत त्या एकातही नव्हत्या. सापडलेल्या १०१ पैकी ९५ पुरुष. आणि हे आजाराने घडवलेलं नव्हतं, संसर्गाच्या आधीपासून होतं. सीआरपी सांगतं की आत काय घडतंय. या अँटिबॉडी सांगतात की हा माणूस विषाणूपुढे आधीच उघडा आहे. पुढे इन्फ्लुएन्झाच्या गंभीर रुग्णांतही त्या सापडल्या. माझ्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही. पण ‘रक्त आधी सांगतं’ हे माझं जुनं वाक्य कुठे खरं ठरू शकतं, ते मला तिथे दिसलं.

२०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्ही या विषाणूच्या बातम्या आल्या, अहमदाबादेत एका तान्ह्या बाळाला तो सापडला, आणि आमच्या काउंटरवर पुन्हा तीच विचारणा सुरू झाली. ‘ताई, सर्दी झाली आहे, डी-डायमर काढून घेऊ का?’ कोविड प्रोफाइलचा बोर्ड मी त्याआधीच उतरवला होता. आता काउंटरवरच्या मुलीला सांगून ठेवलं आहे: आधी विचारायचं, ताप कितव्या दिवसाचा, मिनिटाला श्वास किती, औषध कोणतं चालू आहे, डॉक्टरांनी पाहिलंय का. कितवा दिवस आणि स्टेरॉइड चालू आहे की नाही, या दोन गोष्टी मी रिपोर्टवर छापते. काही डॉक्टरांना हे खटकतं. रिपोर्टमध्ये फक्त आकडा हवा असं त्यांचं म्हणणं. काही माणसं समोरच्या लॅबमध्ये जातात. जाऊ देत.

मला खरी ओढ आहे ती दुसऱ्याच कामाची. सुरतेच्या नव्या सिव्हिल आणि स्मिमेर रुग्णालयांत २०२०-२१ मध्ये हजारो माणसं दाखल झाली. त्यांत लूमची धूळ वर्षानुवर्षं छातीत घेतलेली माणसं होती, मधुमेही होती, आणि जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यू-मलेरियाच्या हंगामात आलेली होती, ज्यांचं एलडीएच आणि प्लेटलेट एरवीही बिघडलेलं असतं. वुहानचा कटऑफ त्यांना लागू पडतो का? मधुमेह्यांत फेरिटिन काही सांगतं का, की त्याकडे पाहूच नये? हे त्याच केसपेपरांतून, दाखल होतानाचे आकडे आणि पुढचा निकाल शेजारी मांडून, शेवटचं रक्त बाजूला ठेवून पाहता येईल. पुढच्या साथीत उधन्या-लिंबायतच्या दवाखान्यांना त्यांच्याच माणसांवरून निघालेला आकडा हाताशी हवा आहे. माझ्या लॅबमधल्या त्या काळच्या नोंदी, नावं-पत्ते काढून, एककं तपासून, या कामासाठी मी तयार करून ठेवल्या आहेत. जो कोणी हे काम हाती घेईल त्याने त्या न्याव्यात.